खट्, खट्, खट्... आणि कुर्र



मागच्या अंकातल्या तळघराच्या पंपाने बरेच वाचक कंटाळले असावेत. आमच्या हिने तर ‘आता एकदा तरी कोरड्या विषयावर लिहा’ असं बजावलंच आहे. तेव्हा या खेपेला तळघरातून वर येऊन गराजमध्ये जाऊ या. विषय आहे गाडीच्या दाराचं कुलूप, म्हणजे बटण दाबलं की आपोआप लागणारं आणि उघडणारं.

आमच्याकडे २००६ सालची एक चार दारांची जपानी गाडी आहे. मिशिगनचे हिवाळे आणि रस्त्यावरचं मीठ खाऊन तिने १,६०,००० मैल इमानाने काढले, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं देशी दुकानात केसर आंब्यांची पेटी आणायला गेलो होतो. पेटी मागच्या सीटवर ठेवली, रिमोट दाबला, दिवे लुकलुकले, हॉर्न ‘पीं’ वाजला, आणि आम्ही शेजारच्या दुकानात शिरलो. पाऊण तासाने परत आलो तर हातात पिशव्या. रिमोट न काढताच मी ड्रायव्हरच्या मागच्या दाराचं हँडल सवयीने ओढलं आणि दार उघडलं!

पेटी जागच्या जागी होती. आंबे मोजायची काही गरज नव्हती, तरी हिने मोजले.

गंमत अशी की दिवे लुकलुकले होते, हॉर्नही वाजला होता. म्हणजे गाडीने आपल्याला ‘लागलं हं कुलूप’ असं सांगितलं होतं. पण पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या ‘पीं’चा अर्थ एवढाच असतो, की गाडीतल्या कॉम्प्युटरने हुकूम सोडला. चारही दारांनी तो पाळला की नाही हे तो विचारत बसत नाही. लहानपणी पुण्यात आमची आई वाड्यातल्या खोलीला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायची, आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. आम्ही हसायचो. इथे आल्यावर बटण दाबून पाठ फिरवायची सवय लागली.

एरवी मी हे दुखणं वर्षभर चालवून घेतलं असतं. पण ही गाडी ऑगस्टमध्ये नातीला द्यायची होती. ती कलामझूला शिकते. संध्याकाळची नोकरी संपवून रात्री अकरा वाजता एकटी पार्किंग लॉटमध्ये येते. गाडीत बसून दारं बंद केली तरी मागचं एक दार उघडंच, आणि तिला त्याचा पत्ताही नाही, हे डोळ्यांपुढे आलं आणि माझी झोप उडाली. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, डीलरकडे टाका.’ डीलरने एका दाराचे साडेचारशे डॉलर सांगितले. पार्टच्या दुकानात तोच पार्ट, कंपनीचा नव्हे पण नवा, पासष्ट डॉलरला होता. नात म्हणाली, ‘आजोबा, आपण करू या ना. मी हेल्प करते.’ मग काय!

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. दाराच्या आत, कडेला, लॅच असतो, म्हणजे चौकटीवरच्या लोखंडी कडीला पकडून धरणारा खटका. त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या डबीत खेळण्यातल्या मोटारीत असते तेवढी छोटी मोटर आणि दोन-तीन दातेरी चाकं असतात. या डबीला म्हणायचं ॲक्चुएटर. बटण दाबलं की मोटरला अर्धा-एक सेकंद १२ व्होल्ट मिळतात, ती फिरते आणि कुलपाची दांडी ढकलते. उघडताना त्याच दोन तारांतून वीज उलट्या दिशेने जाते, मोटर उलटी फिरते. बस, एवढंच. (जुन्या मर्सिडीज गाड्यांत हेच काम विजेच्या मोटरीऐवजी निर्वातावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालत असे. एका दाराची नळी फुटली की चारही दारं रुसायची.) मोटर छोटी, तिचे ब्रश झिजतात, प्लॅस्टिकचे दाते गुळगुळीत होतात. थंडीत ग्रीस घट्ट झालं की आधीच दमलेली मोटर मान टाकते.

निदान करायला पैसा लागत नाही, कान लागतात. एकाने रिमोट दाबायचा, दुसऱ्याने एकेका दाराला कान लावायचा. नातीने कान लावला. तीन दारांतून स्वच्छ ‘खट्’. चौथ्यातून ‘कुर्र’. म्हणजे वीज पोचते आहे, मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे, पण दांडी हलत नाही. हे निदान जवळजवळ पक्कं.

चारही दारं मुकी असतील तर मात्र दारं उघडत बसू नका, आधी फ्यूज बघा. आणि एकच दार मुकं असेल, कुरकुरसुद्धा नाही, तर दार आणि चौकट यांच्यामध्ये जी रबरी नळी असते तिच्यातल्या तारा तपासा. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, तिथे तार तुटते. त्या दाराची काच वरखाली होते म्हणून ‘तारा ठीक आहेत’ असं समजू नका, काचेची तार वेगळी असते. वीज येते का हे बघायला मल्टीमीटरपेक्षा साधा टेस्ट लॅम्प बरा. वीज येते अर्धा सेकंद, तेवढ्यात डिजिटल मीटरचे आकडे गोंधळतात. दिवा सरळ लुकलुकतो.

आता काम. काच पूर्ण वर करून ठेवायची, नाहीतर लॅच बाहेर काढताना तीच आडवी येते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि दहा-पंधरा मिनिटं चहा प्यायचा. चहा गमतीने नाही सांगत. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर असतो, आणि एअरबॅगच्या वाटेला जाण्यापूर्वी उरलेली वीज विरू द्यावी. मग आतलं पॅनेल. आतल्या हँडलच्या मागे आणि हात टेकायच्या जागी छोट्या टोपणांखाली स्क्रू लपलेले असतात. ते सगळे सापडल्याशिवाय पॅनेल ओढायचं नाही. स्क्रू निघाले की कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक सोडवायच्या आणि पॅनेल वर उचलून काढायचं. एकदम ओढू नका, मागे काचेच्या बटणाची तार आणि हँडलची केबल असते. जुन्या क्लिपा दोन-चार तरी तुटतातच. आधीच डझनभर विकत आणून ठेवाव्यात.

पॅनेलच्या मागे प्लॅस्टिकचा पडदा असतो, काळ्या, डांबरासारख्या चिकट पट्टीने डकवलेला. हा पडदा पुष्कळ लोक टराटरा फाडतात आणि नंतर तसाच सोडून देतात. मग पहिल्या पावसाळी आठवड्यानंतर गालिचा ओला, आणि गाडीला वास. दाराच्या आत पाणी येतच असतं, ते खालच्या भोकांतून निघून जावं म्हणूनच हा पडदा आहे. हलक्या हाताने एका बाजूने सोडवा, चिकट पट्टीला धूळ लागू देऊ नका.

खरी परीक्षा दाराच्या कडेवरच्या तीन स्क्रूंची. लॅच त्यांनीच धरलेला असतो. आमच्या गाडीत ते चांदणीच्या डोक्याचे, टी-३० मापाचे. इतक्या वर्षांत ते असे बसलेले असतात, की जणू दाराबरोबरच ओतले आहेत. माझ्याकडचा स्वस्तातल्या सेटमधला बिट पहिल्याच स्क्रूवर घसरला. इथे घाई केली तर स्क्रूचं डोकं खरवडतं, आणि मग पासष्ट डॉलरचं काम ड्रिलपर्यंत जातं. मी थांबलो, गंज सैल करायचं तेल मारलं, दुकानात जाऊन एक चांगला बिट आणला, आणि सगळं वजन टाकून दाबून फिरवला. ‘कड्’ असा आवाज झाला. नातीला वाटलं माझा खांदा गेला. स्क्रू सुटला होता.

लॅचला बाहेरच्या हँडलची एक सळई आणि आतून दोन केबली जोडलेल्या असतात. सोडण्याआधी नातीने फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले. मी १९७१ मध्ये इथे आलो तेव्हापासून गाड्या उघडतो आहे आणि कागदावर चित्रं काढतो आहे. फोटो बरे, हे कबूल. जुना ॲक्चुएटर निघाला. (त्याची चिकटवलेली डबी करवतीने उघडून आतली चार-पाच डॉलरची मोटर बदलणारेही आहेत. मीही एकदा केलं होतं. डबी पुन्हा तशी बंद होत नाही, पाणी शिरतं, आणि वर्षभरात तेच काम पुन्हा. बघायला म्हणून उघडावी, बसवायला नको.) नवा बसवला, स्क्रू आवळले, केबली अडकवल्या.

मी दार लावायला हात घातला, तेवढ्यात नात ओरडली, ‘आजोबा, थांबा! आधी टेस्ट करू या.’

बरोबर होतं तिचं. दार उघडं ठेवूनच तपासायचं, हे मीच तिला सकाळी सांगितलं होतं. बॅटरी जोडायची, स्क्रूड्रायव्हरने लॅचचा खटका दार लागल्यासारखा आत ढकलायचा, रिमोटने कुलूप लावायचं, उघडायचं, मग बाहेरचं हँडल ओढायचं. खटका सुटला पाहिजे. मग तेच आतल्या हँडलने. तिने बाहेरचं हँडल ओढलं. ते नुसतंच हललं, खटका तसाच! सळई अडकवून मी तिची प्लॅस्टिकची क्लिप फिरवायला विसरलो होतो, ती निसटून आत लोंबत होती. दार लावलं असतं तर बाहेरून उघडलंच नसतं. आणि आतून? मागच्या दाराला मुलांसाठी जो छोटा खटका असतो, तो नव्या लॅचवर ‘लावलेला’ आला होता. म्हणजे आतूनही नाही. बंद दारामागचं पॅनेल सीटवर वाकून काढणं काय असतं ते मी एकदा भोगलं आहे, शत्रूवरही ती पाळी येऊ नये.

सळई बसवली, मुलांचा खटका सोडला, आणि दहा वेळा लाव-उघड केलं. मग पडदा, मग पॅनेल. चहा आणि दुकानाची फेरी धरून साडेतीन तास लागले. सवय असलेल्याला दोन पुरेत.

ऑगस्टमध्ये ती गाडी घेऊन गेली. निघताना मी तिला सांगितलं, बटण दाबलंस तरी एकदा गाडीभोवती फिरून चारही हँडलं ओढून बघ. ती म्हणाली, ‘आजोबा, एव्हरी टाइम?’ मी म्हटलं, रात्री तरी. पहिल्या आठवड्यात एकदा रात्री साडेअकराला फोन आला. मी दचकून उचलला. ती काही बोललीच नाही, फोन दाराला लावून धरला होता. खट् खट् खट् खट्.

कामानंतर एक क्लिप उरली आहे. नव्या डझनातली नव्हे, जुनी. ती कुठली हे अजून कळलेलं नाही, पण दार खडखडत नाही असं नात सांगते.