दीडपट, जादा आणि लूट

दिवाळी जवळ आली की ‘ट्रॅव्हल्सकडून प्रवाशांची लूट’ हा मथळा वर्तमानपत्रांत ठरलेला. बसमालकांना तो झोंबतो. पण शब्दावर चिडण्याआधी तो नेमका कुठे लागू पडतो, हे व्यवसायाने तपासलेले बरे.

महाग, जादा आणि लूट ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. महाग तिकीट प्रवासी नाक मुरडत घेतो किंवा सोडून देतो. ‘जादा’ला मात्र सरकारी मोजपट्टी आहे. 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी गाड्यांना तशाच प्रकारच्या एसटीच्या प्रतिकिलोमीटर भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडे घेता येते. ढोबळमानाने, एसटीला 600 रुपये पडत असतील तर 900 पर्यंत चालते. त्यापुढचा प्रत्येक रुपया जादा. गंमत म्हणजे तक्रार करताना मराठी माणूस ‘अव्वाच्या सव्वा’ म्हणतो. सव्वापट तर नियमात केव्हाच बसते!

रेल्वेनेही सप्टेंबर 2016 पासून राजधानी, दुरांतो, शताब्दीत दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी चढवायला सुरुवात केली, कमाल दीडपटीपर्यंत. कुरकुर भरपूर झाली. तरी पायऱ्या जाहीर होत्या.

लूट म्हणायला प्रवासी अडलेला लागतो. रात्री दहाला पुण्याजवळच्या वाकडच्या थांब्यावर बोचकी आणि पेंगुळलेली पोरे सांभाळत एक कुटुंब उभे असते. एजंट त्यांच्याकडे बघून आकडा सांगतो, शेजारच्याला दुसराच. केबिनमधल्या सीटलाही स्लीपरचे पैसे, आणि पावती मागितली तर ‘गाडीत मिळेल’.

सणाला पुण्याहून विदर्भ-मराठवाड्याकडे गर्दी एकाच दिशेने असते, परतीची गाडी रिकामी येते, डिझेल आणि टोल मात्र दोन्ही फेऱ्यांचे. मालकांचे हे म्हणणे खोटे नाही. पण तो खर्च दीडपटीत बसत नसेल, तर हिशेब घेऊन परिवहन विभागाकडे जायचे काम संघटनांचे. थांब्यावरच्या एजंटाने तो परस्पर वसूल करायचा नसतो.

25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, त्यासरशी खासगी गाड्यांची मर्यादाही वर सरकली. एसटीचा दर आणि आपला दर शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता बुकिंग खिडकीवर आणि एजंटाच्या टेबलावर लावायला फारसा खर्च येत नाही. दिवाळीचे आगाऊ बुकिंग सुरू होण्याआधी तो लागायला हवा.