उन्हाची वेळ कोण ठरवतो?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो, तेव्हा उन्हाळा सरलेला नसतो. हा फुटबॉल हेल्मेट आणि खांद्या-छातीवर जाड पॅड बांधून खेळतात. अंगातली उष्णता बाहेर पडायला वावच नाही. तरी कित्येक सामने भर दुपारी होतात, कारण वेळ ठरते ती टीव्ही कंपन्यांच्या सोयीने. धनिक देणगीदार वातानुकूलित कक्षात, सामान्य प्रेक्षक उघड्या बाकांवर. (खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी वेगळे काय घडले? मंचावर छत, मैदानात जनता, बळी १४.)

टोपी घाला, पाणी प्या, हा उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे. खेळाडूला तर बाजूला होण्याचेही स्वातंत्र्य नसते. प्रशिक्षकाची मर्जी गेली की संघातली जागा गेली. या संघांत कृष्णवर्णीय मुलांचा वाटा मोठा आहे, हे विसरता येत नाही.

सामन्यांसाठीचा सरावही तितकाच जीवघेणा. मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी सरावात कोसळला. उष्माघाताचा उपाय माहीत असलेला आणि स्वस्त आहे: आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, मग रुग्णालयात न्या. तेवढेही झाले नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाने कायदेशीर व नैतिक जबाबदारी मान्य केली. २०२१ मध्ये ३५ लाख डॉलरची तडजोड झाली. आईवडील तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी मेरीलँडमध्ये जॉर्डनच्या नावाचा कायदा झाला. उष्माघात टाळण्याचे, ओळखण्याचे आणि उपचाराचे नियम करणे आता तिथल्या सार्वजनिक विद्यापीठांवर बंधनकारक आहे, प्रशिक्षकाच्या दयेवर नाही.