एका कुंडीला दहा वर्षे

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि सर्व उपनगरांतील रहिवाशांना जाहीर आवाहन



एकाच सोसायटीत राहणारे दोन तरुण डोळ्यांसमोर आणा. पहिल्याने पेडलरकडून गांजा घेतला. पोलिसांनी धरले तेव्हा त्याच्या सॅकमध्ये नऊशे ग्रॅम माल निघाला. दुसऱ्याने कोणाकडून काही घेतले नाही, कोणाला काही विकले नाही. कपाटात दिवा लावून त्याने एका कुंडीत गांजाचे एक रोप वाढवले. कायदा दोघांनीही मोडला. पण पहिल्याला होऊ शकणारी शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर एक लाखापर्यंत दंड.

यात मी पदरचे काही घातलेले नाही. ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो त्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम २० उघडा. गांजा जवळ बाळगण्याला तिथे तीन पायऱ्या आहेत. एक किलोच्या आत असेल तर एक वर्षापर्यंत. त्यापुढे वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर गेला की किमान दहा, कमाल वीस वर्षे. झाड लावण्याच्या गुन्ह्याला मात्र पायऱ्याच नाहीत. एक रोप असो की एकरभर पीक, कलम एकच आणि शिक्षेची मर्यादा एकच. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत तुरीच्या, कपाशीच्या आड गांजाची शेती करणारा ज्या पोटकलमात बसतो, त्याच पोटकलमात मुलुंडच्या वन रूम किचनमधली कुंडी बसते. दुसरीकडे, एकोणीस किलो गांजासह पकडलेल्या माणसाची कमाल शिक्षा आणि एका रोपाची कमाल शिक्षा सारखीच आहे.

हे असे पहिल्यापासून नव्हते. मूळ कायद्यात गांजा बाळगणे आणि झाड लावणे या दोन्हींना एकच शिक्षा होती: पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. हेतू चांगला होता. लहान माशाला आणि मोठ्या माशाला एकाच जाळ्यात ओढू नये, मात्रेप्रमाणे शिक्षा असावी, असा तो विचार होता. थोडा गांजा बाळगणाऱ्याची शिक्षा त्यामुळे खाली आली. पण त्याच दुरुस्तीत झाड लावणाऱ्याची शिक्षा पाचाची दहा झाली आणि तिला मात्रेचे माप लावायचे राहून गेले. तेव्हा खासदारांच्या डोळ्यांपुढे शेते असणार. २००१ साली बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये कोणी गांजा पिकवील हे कोणाच्या मनातही आले नसेल.

आज ते घडते आहे. आपल्याकडचा नेहमीचा गांजा दिवसमान पाहून फुलतो. पावसाळा सरला, रात्र मोठी होऊ लागली की त्याला फुलोरा येतो. झाड माणसापेक्षा उंच होते, ते घरात कोण लावणार? पण 'ऑटोफ्लॉवर' म्हणून ज्या जाती आता मिळतात त्या वेगळ्या आहेत. त्यांच्यात रुडेरॅलिस या रानटी प्रकाराचे रक्त आहे. १९२४ मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. उत्तरेतला उन्हाळा आखूड असतो, म्हणून ते झाड दिवसमानाची वाट पाहत बसत नाही. वय झाले की फुलते. त्याच्याशी संकर करून काढलेली रोपे बुटकी असतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यांचे आयुष्य आटपते. शेत नको, ऋतू नको. म्हणूनच ती आपल्या घरांपर्यंत पोचली.

तरुणांनो, हे बी विकणारे तुम्हाला अर्धेच सांगतात. 'बी बाळगणे गुन्हा नाही' असे ते म्हणतात, आणि तेवढे खरेही आहे. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून बी वगळलेले आहे. भांगेचे बी खाद्यपदार्थ म्हणून २०२१ पासून देशाच्या अन्न नियामकालाही मान्य आहे. उत्तराखंडात तर त्याची चटणी घरोघरी होते. पण ते बी मातीत रुजले की तुम्ही कलम २० मध्ये आलात. 'हे ऑटोफ्लॉवर आहे', 'हे बुटके आहे', 'हे औषधी आहे', यातले काहीही कामाला येणार नाही. कॅनाबिस प्रजातीतले कोणतेही झाड, एवढीच कायद्याची व्याख्या आहे. त्याला फूल आलेले असावे लागत नाही. जप्त मालाच्या खटल्यात निदान वाद घालता येतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर फुलोऱ्याचे शेंडेच गांजा ठरतात, पाने-देठ-बिया मिळून केलेले वजन नव्हे, हा मुद्दा विचारात घेतला. लागवडीच्या गुन्ह्यात हा वाद निघतच नाही. चार पानांचे रोपही लागवडच.

मी गेली अनेक वर्षे उपनगरांतल्या न्यायालयांत फौजदारी वकिली करते. दहा वर्षे हा आकडा प्रत्यक्षात काय करतो ते मी सांगू शकते. न्यायाधीश प्रत्येकाला दहा वर्षे देतात असे मुळीच नाही. या गुन्ह्याला किमान शिक्षा नाही, आणि एका रोपासाठी कोणी इतकी देणारही नाही. पण आकडा कागदावर असल्यामुळेच पुढचे सगळे ठरते. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा एनडीपीएस गुन्हा फक्त विशेष न्यायालयात चालतो. नऊशे ग्रॅमवाल्याचा खटला अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालू शकतो. कुंडीवाला विशेष न्यायालयात जातो, जिथे हेरॉइन आणि मेफेड्रोनच्या व्यापाऱ्यांचे खटले रांगेत उभे आहेत. तारखांमागून तारखा पडतात. तोवर नोकरी गेलेली असते आणि पासपोर्ट अडकलेला असतो. एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला आहे. त्यामुळे जामिनासाठीही कोर्टाचीच पायरी.

एकदा एक बाई माझ्याकडे आल्या. मुलाच्या खोलीतून झाड जप्त झाले होते. त्यांनी रडत विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. 'मॅडम, तो बाहेरगावी गेला होता तेव्हा मी दोनदा पाणी घातलं होतं हो त्याला. मला वाटलं शोभेचं आहे. मलाही नेतील का?' हा प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्या ताब्यातली खोली अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा, असे कलम २५ म्हणते. 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध करण्याचे ओझे याच कायद्याच्या कलम ३५ ने आरोपीच्या डोक्यावर ठेवले आहे. नऊशे ग्रॅमवाल्याची आईही कलम २५ मध्ये येऊ शकते, पण तिच्यापुढे एक वर्षाची भीती आहे आणि हिच्यापुढे दहा वर्षांची. फ्लॅट भाड्याने देणाऱ्या काका-काकूंनीही हे लक्षात ठेवावे.

आणखी एक दार बंद आहे आणि मला ते सर्वात अन्यायाचे वाटते. कलम ६४अ सांगते की सेवनाच्या किंवा 'लहान मात्रे'च्या (गांजासाठी एक किलोपर्यंतच्या) गुन्ह्यातला व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. शहाणी तरतूद आहे. पण रोपाला लहान मात्राच ठरवलेली नाही. म्हणजे पेडलरकडून माल घेणाऱ्या व्यसनी मुलाला दवाखान्याची वाट मोकळी, आणि ज्याने पेडलरचे तोंडही पाहिले नाही त्या व्यसनी मुलाला ती बंद. कायद्याने मुलांना पेडलरकडे ढकलायचे ठरवले असते तरी याहून वेगळे काय लिहिले असते?

'वकिलीणबाई गांजाची तरफदारी करतात' असे म्हणण्याआधी पुढचे वाचा. मला गांजा आपल्या घरांत नको आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झालेला गांजा कोवळ्या मेंदूला भोवतो. घराण्यात मानसिक आजार असेल तर भ्रम आणि भास जडण्याचा धोका वाढतो. आजच्या संकरित जातींमध्ये नशेचे द्रव्य जुन्या देशी गांजापेक्षा खूप जास्त असू शकते. कपाटातले रोप निरुपद्रवी आहे असे मी कोणत्याही आई-बापाला सांगणार नाही. पण मूल आजारी असेल तर त्याला डॉक्टर लागतो. हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला आधार दिला. गर्दच्या विळख्यातल्या मुलांना तिथे आधी पेशंट मानले गेले. गर्द म्हणजे हेरॉइन. गर्दच्या पेशंटला आपण जी माणुसकी दाखवली ती गांजाचे एक रोप लावणाऱ्याला नाकारायची?

प्रमाण कुठे चुकते आहे तेही पाहा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे आढळले. भांग, गांजा, चरस मिळून घेणारे २.८ टक्के. दारूचे दुकान रस्त्यावर आणि त्याच्या करावर राज्याचा कारभार, हे आपण रोज पाहतो. ब्रिटिशांनीसुद्धा १८९३-९४ मध्ये भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला होता. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने फारसे नुकसान दिसत नाही, सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष दिला. त्या निष्कर्षाला मी आजच्या विज्ञानापेक्षा मोठे मानत नाही. पण निदान त्यांनी शिक्षा ठरवण्याआधी विचारपूस केली. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातील अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वात घातक पदार्थांच्या चौथ्या यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी. त्या २७ मध्ये भारताचे मत होते. व्हिएन्नात एक भूमिका आणि विशेष न्यायालयात दुसरी, हे किती दिवस चालणार?

आणि पकडले कोण जाते? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या २०१७ आणि २०१८ च्या दहा हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास केला. त्यात बहुतेक प्रकरणे स्वतः सेवन करणाऱ्यांची आणि त्यातही गांजाचीच होती. आरोपींमध्ये रोजंदारीवर जगणारे आणि झोपडपट्टीत राहणारेच जास्त. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे, हा तिथला रोजचा क्रम. हाच क्रम मीही पाहते आहे. २०२१ मध्ये क्रूझवर पडलेल्या अमली पदार्थांच्या छाप्यावर महिनाभर चर्चा करणाऱ्या वाहिन्यांपैकी कोणी या माणसांकडे कॅमेरा वळवलेला मला दिसला नाही.

कारवाई नको असे कोणी म्हणत नाही. घाटकोपर आणि कांदिवलीच्या अमली पदार्थ विरोधी कक्षांनी एमडी (मेफेड्रोन) विकणाऱ्यांच्या मागे लागावे, शाळा-कॉलेजांच्या आसपास पुड्या विकणाऱ्यांना मोकळे सोडू नये. बँकॉकहून सहारच्या विमानतळावर बॅगा भरून हायड्रो (मातीविना वाढवलेला) गांजा येतो, २०२४ पासून त्याच्या जप्त्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ते मोठे व्यापारी आहेत, त्यांच्यासाठी कायदा कडकच हवा. पोलिसांचा वेळ तिथे लागला पाहिजे.

कोणी म्हणेल, सूट दिली की घराघरांत दिवे लागतील. मी सूट मागत नाही. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडे लावू दिली, माल्टाने त्याआधीच चार. मी ते मागत नाही. थायलंडने २०२२ मध्ये एकदम दारे उघडली आणि २०२५ मध्ये घाईघाईने औषधी वापरापुरती ओढून घेतली, हेही माझ्या डोळ्यांसमोर आहे. माझी मागणी याहून कितीतरी लहान आहे. गुन्हा गुन्हाच राहू द्या. फक्त कलम २० मध्ये झाडालाही पायऱ्या लावा. विक्रीचा पुरावा नसेल आणि रोपे मोजकी असतील (माझ्या मते तीनपर्यंत, पण आकडा संसदेने तज्ज्ञांना विचारून ठरवावा) तर शिक्षा लहान मात्रेइतकीच ठेवा. खटला आपल्या भागातल्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालू द्या आणि कलम ६४अ चे दार त्या मुलालाही उघडा. रोपांची संख्या जास्त असेल किंवा विक्री दिसेल तिथे आजचीच दहा वर्षे राहू देत.

हा कायदा केंद्राचा आहे. नगरसेवक किंवा आमदार तो बदलू शकत नाहीत, त्यांच्याकडे चकरा मारून उपयोग नाही. मुंबई उत्तर, मुंबई वायव्य, मुंबई ईशान्य, मुंबई उत्तर मध्य आणि (चेंबूर-अणुशक्तीनगरसाठी) मुंबई दक्षिण मध्य, या पाच मतदारसंघांत आपली उपनगरे येतात. आपल्या खासदाराला एक पोस्टकार्ड लिहा. लांब पत्र नको, इतकेच लिहा: 'एनडीपीएस कायद्याच्या कलम २० मध्ये लागवडीला मात्रेप्रमाणे शिक्षा असावी. आपण हा प्रश्न लोकसभेत मांडावा.' खाली नाव, पत्ता आणि सही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय काढायला लाजू नका.

आणि तरुणांनो, कायदा बदलेपर्यंत तो आहे तसाच लागू आहे. एक रोपही लावू नका. व्यसन सुटत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती हेल्पलाइन क्रमांक आहे, त्यावर फोन करा. आई-वडिलांनो, मुलाच्या खोलीत झाड दिसले तर आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. आधी मुलाशी बोला, मग वकिलाला आणि डॉक्टरला भेटा.

हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे, ही विनंती.

आपली,
मुलुंडची एक वकील आणि दोन मुलांची आई