चुकीचा ग्रह आणि खरा ग्रह



खतावणीचा मेळ बसला नाही, तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी, असे जुने कारकून सांगतात. जमेची रक्कम चुकून नावे पडली, की फरक बरोबर दुप्पट येतो. चूक आपला पत्ता स्वतःच सांगते. आकाशाच्या हिशेबातही एकदा असेच घडले.

जुलै १९९१ मध्ये इंग्लंडमधील जोड्रेल बँक वेधशाळेच्या अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी सूर्यमालेबाहेर ग्रह सापडल्याचे जाहीर केले. तो डोळ्यांना दिसला नव्हता. तो एका पल्सारभोवती फिरतो, असे हिशेबातून निघाले होते. पल्सार म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट होऊन उरलेला गाभा. तो भिंगरीसारखा फिरतो, आणि त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नियमित येतात. जवळ ग्रह असेल तर तो पल्सारला किंचित ओढतो, म्हणून ठोके कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतात. येथे हा फेरा निघाला सहा महिन्यांचा.

सहा महिने! म्हणजे आपल्या वर्षाचा अर्धा. ठोके ऐकणारी दुर्बीणही पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरत असते. ती चाल हिशेबातून वजा करावी लागते. लाइन यांनी पुन्हा तपासले, तेव्हा कळले की पल्सारची जागा किंचित चुकीची धरल्यामुळे वजाबाकीच चुकली होती. ग्रह नव्हताच, ती आपल्याच पृथ्वीची चाल होती.

जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे शास्त्रज्ञांच्या भरसभेत त्यांनी ही चूक कबूल केली. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्यांच्यानंतर अलेक्झांडर वोल्श्चान बोलायला उठले. त्यांना व डेल फ्रेल यांना दुसऱ्या एका पल्सारभोवती दोन ग्रह सापडले होते. फेरे सुमारे ६७ आणि ९८ दिवसांचे. फ्रेल यांनी त्या पल्सारची जागा वेगळ्या दुर्बिणींनी आधीच अचूक मोजली होती. हे ग्रह पुढच्या प्रत्येक तपासणीत टिकले. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीही ग्रह सापडला, आणि २०२५ पर्यंत पक्क्या ग्रहांची संख्या ६००० च्या वर गेली.

म्हणून घरी मुलाचे गणित चुकले, तर लगेच खोडरबर हाती देऊ नका. चूक कोणत्या पायरीवर झाली, ते आधी त्याला शोधू द्या. सापडली, की शाबासकी द्यायला विसरू नका.