वंशावळीत आईचेही नाव हवे

घरातली वंशावळ उलगडली की बहुधा पुरुषांचीच रांग दिसते. पणजीचे नाव विचारले, तर सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. हीच परंपरा आहे, असे सांगणाऱ्यांनी बृहदारण्यक उपनिषद उघडावे.

त्याच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी गुरुपरंपरेचा ‘वंश’ दिला आहे. पौतिमाषीपुत्र कात्यायनीपुत्राकडून शिकला, कात्यायनीपुत्र गौतमीपुत्राकडून, गौतमीपुत्र भारद्वाजीपुत्राकडून. आचार्यांची ही लांब साखळी बरीचशी आईच्या नावाने गुंफलेली आहे. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाला तर आपले गोत्रच ठाऊक नव्हते. त्याने आचार्य गौतमांना ते खरेखरे सांगितले आणि जबालेचा मुलगा म्हणूनच त्याला शिष्यत्व मिळाले.

महाराष्ट्राला हे परके नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात तिने आपल्या पराक्रमी मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणगान केले आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत राज्य सरकारने आईचे नाव सक्तीचे केले. निर्णय योग्यच आहे. पण आधीच्या पिढ्यांचे काय? आजी-पणजीची माहेरची नावे सांगणारी माणसे घरात आहेत, तोवर ती विचारून वंशावळीत लिहून घ्या.