मुक्त भाषेचा खर्च कोणी सोसावयाचा?

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी ज्या प्रोग्रॅमिंग भाषा वापरल्या जातात, त्यांपैकी अनेक भाषा आज मुक्तस्रोत आहेत. त्या कोणालाही विनामूल्य वापरता येतात, त्यांत सुधारणाही करता येतात. परंतु जे विनामूल्य मिळते ते विनाखर्च तयार होते, असे मात्र नव्हे.

'क्लोजर' या भाषेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. रिच हिकी या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००५ मध्ये, निवृत्तीसाठी साठविलेल्या पुंजीतून पदरमोड करून, या भाषेचे काम आरंभिले आणि २००७ मध्ये ती सर्वांस खुली केली. पुंजी किती काळ पुरणार? २००९च्या अखेरीस त्यांना वापरकर्त्यांकडे वर्गणी मागावी लागली. पुढे २०१३ मध्ये 'रेलेव्हन्स' ही सल्लागार कंपनी आणि हिकी यांचा सहभाग असलेली 'मेटाडेटा पार्टनर्स' यांच्या एकत्रीकरणातून 'कॉग्निटेक्ट' उभी राहिली. ग्राहकांना सल्ला देऊन व 'डेटॉमिक' हे उत्पादन विकून पैसा मिळवावयाचा आणि भाषेचे काम चालू ठेवावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेचे गुण उघड आहेत. भाषा घडविणाऱ्यास हात पसरावे लागत नाहीत आणि ग्राहकांच्या खऱ्या अडचणी त्याला जवळून कळतात. तथापि तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सल्लागार विकतो तो आपला वेळ. कामे वाढली की भाषेसाठी वेळ उरत नाही. कामे घटली की पैसा उरत नाही. दोन्ही परिस्थितींत झळ भाषेलाच लागते. शिवाय त्याच भाषेवर धंदा करणारी, पण तिच्यासाठी छदामही न खर्चणारी प्रतिस्पर्धी कंपनी कमी दरात काम करू शकते. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा बाजारात मागे पडावा, हा सार्वजनिक वस्तूंच्या अर्थशास्त्रातील जुनाच पेच आहे.

२०२० मध्ये 'नुबँक' या ब्राझीलमधील बँकेने कॉग्निटेक्ट विकत घेतली. या बँकेचा कारभारच क्लोजरवर उभा होता. ज्याचा व्यवहार भाषेवर अवलंबून, त्यानेच तिचा भार उचलला, हे न्याय्य झाले. परंतु असंख्य लोक वापरतात ती भाषा एकाच धन्याच्या मर्जीवर विसंबून असावी, हेही सुरक्षित नव्हे.

म्हणून सल्लागार कंपनी हा संक्रमणकाळातील आधार मानावा, कायमचा पाया नव्हे. इमारतीच्या डागडुजीसाठी जशी दरवर्षी तरतूद होते, तशीच प्रत्येक मोठ्या वापरकर्त्या कंपनीने भाषेच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात करावी. बंगळुरूच्या 'झेरोधा' या शेअर दलालीच्या कंपनीने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरांचा निधी जाहीर केला, तेव्हा ही गोष्ट भारतीय उद्योगांना अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. हा दानधर्म नव्हे. वापरलेल्या वस्तूचे ते उचित मोल आहे. आड कोरडा पडू दिला, तर पोहऱ्यात पाणी कोठून येणार?