अभिमान ताकाचा, आग्रह कसोटीचा

नित्यनेमाने शाखेवर येणारा एखादा कार्यकर्ता अकस्मात येईनासा होतो. साध्या तापाचे निमित्त झालेले असते. ताप ओसरतो, थकवा मात्र जात नाही. रात्रभर झोपूनही शरीर शिणलेलेच. जरा अधिक चालणे झाले की पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही. तपासण्यांत काही सापडत नाही. मग ‘व्यायाम वाढव’ असे सल्ले सुरू होतात आणि पाठीमागे ‘आळस’ हा शब्द उच्चारला जातो.

हा आळस नव्हे. वैद्यकशास्त्र यास क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली 106 रुग्ण आणि 91 निरोगी व्यक्तींच्या आतड्यांतील जिवाणूंची तुलना प्रसिद्ध केली. ब्युटिरेट हे आम्ल निर्माण करणारे जिवाणू रुग्णांमध्ये कमी आढळले. हे आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण करते आणि दाह आवरते. त्यांतील एक जिवाणू जितका कमी, तितका थकवा अधिक, असेही दिसले. हा बदल रोगाचे कारण की परिणाम, हे ठरावयाचे आहे. परंतु व्याधी शरीरात आहे, याची ही साक्ष आहे.

हे वाचताच आपल्यापैकी अनेकांच्या ओठी येईल, ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होते!’ चरकाचार्यांनी ग्रहणीरोगाला स्वतंत्र अध्याय दिला, त्यात ताकाचे महत्त्व सांगितले, हे खरेच. त्याचा अभिमान अवश्य असावा. पण ताक प्यायल्याने हा रोग बरा होतो, असे म्हणण्याचा अधिकार त्याने प्राप्त होत नाही. ब्युटिरेट निर्माण करणारे ते प्रमुख जिवाणू प्राणवायूत तगत नाहीत. विरजणातील जिवाणू निराळे. मोठ्या आतड्यातील जिवाणू जगतात ते भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतील चोथ्यावर. ताक हा उत्तम आहार आहे; या व्याधीवरील सिद्ध औषध नव्हे.

बाजारातील प्रोबायोटिकांचीही तीच कथा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 39 रुग्णांवरील दोन महिन्यांच्या एका प्रयोगात चिंतेची लक्षणे घटली. प्रयोग लहान होता आणि त्यावरून थकवा बरा होतो असे म्हणता येत नाही. त्यात वापरलेला जिवाणू जपानच्या डॉ. मिनोरू शिरोता यांनी 1930 साली वेगळा केलेला होता. जपानने आपल्या जिवाणूला नाव दिले आणि त्यास कसोटीवर उभे केले. आपल्या घरोघरच्या विरजणाचे काय? पुण्यात सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय केंद्र आहे, आयुर्वेद महाविद्यालये आहेत. त्यांनी एकत्र येऊन असे प्रयोग करावेत. परंपरेचा गौरव घोषणेने नव्हे, परीक्षेने होतो.

तोवर आपले कर्तव्य काय? ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने 2021 साली या रुग्णांसाठी ठरावीक मात्रेने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. बलोपासना हे आपले व्रत आहे. तथापि ज्याचे शरीर श्रमानेच खचते, त्यास विश्रांती हेच पथ्य. तेव्हा त्या कार्यकर्त्याच्या घरी जावे, घटकाभर बसावे. ताकाचा तांब्या नेला तरी चालेल. बरे होण्याची हमी मात्र नेऊ नये. त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा. संघटनेचा स्नेह म्हणतात तो याहून वेगळा नाही.